व्ह्यू टेरेस

"माणूस गुहेतून बाहेर आला तो निव्वळ ऊन खायला. संस्कृती वगैरे भानगडी नंतरच्या!" आप्पांनी जाहीर केलं, तेव्हा काकूंची चाकांची खुर्ची टेरेसच्या दारात अडकली होती. ना पुढे, ना मागे.

"संस्कृती राहू द्या. आधी माझं कोपर सोडवा," काकू म्हणाल्या.

आप्पांनी हयातभर एका बिल्डरची माहितीपत्रकं लिहिली. 'टेरेस' हा त्यांचा हुकमी एक्का. गच्ची म्हटलं की गिऱ्हाइकाला वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात, सज्जा म्हटलं की कबुतरं. टेरेस म्हटलं की घरातही बूट घालून चहा पिणारं जोडपं दिसतं. म्हणून त्यांनी गच्चीला टेरेस केलं, बाल्कनीला केलं आणि जिथे कुंडीसुद्धा अंग चोरून उभी राहील, त्या पट्टीला 'व्ह्यू टेरेस' करून टाकलं. पुढे त्यातलंच एक घर हौसेनं स्वतः घेतलं. स्वतःच्याच माहितीपत्रकाला भुललेला असा लेखक विरळाच.

मांडीचं हाड मोडल्यापासून काकू घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना फक्त उन्हात बसायचं होतं. इमारतीच्या गच्चीपर्यंत लिफ्ट जात नव्हती. शेवटचा जिना पायांनीच चढायचा. उरली ही टेरेस.

बोलावलेल्या सुतारानं खुर्ची जरा मागे ओढून कोपर सोडवलं, दार मापलं आणि मान हलवली.

"काका, चौकट काढून देतो. पण खुर्ची मावणार कुठं? पुढची चाकं कठड्याला लागतील, मागची घरातच राहतील."

"अरे, टेरेस आहे ती!"

"टेरेस होय? मला वाटलं, एसी ठेवायला जागा सोडलीय."

"मग आपण दोघं हिला उचलून गच्चीवर नेऊ."

"उचलायला मी काय कपाट आहे?" काकू कडाडल्या. "आणि तुमची कंबर धरली, तर खाली कोण आणणार? लिहा आता त्याचं माहितीपत्रक!"

सुतार हत्यारं गोळा करून, "येतो काकू," म्हणत निघून गेला.

आप्पा खुर्चीला वळसा घालून बाहेर गेले आणि कठड्याला पाठ लावून उभे राहिले. अंग चोरून, कुंडीसारखे. 'प्रशस्त' हा शब्द आपण किती वेळा लिहिला, ते त्यांना आठवेना. ऊन सरकत सरकत उंबऱ्याशी आलं, काकूंच्या पावलांवर चढलं आणि तिथेच थांबलं.

काकूंनी पावलांकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझे मोजे तेवढे काढता?"