पल्याडून झेललेली ओळ

पाण्याने भरलेल्या बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, आषाढातला मंद उजेड पसरलेला असे आणि त्या उजेडावरून गिरजाबाईचा आवाज सरळ तलावापलीकडे जाई. तो गोड नव्हता. त्याला घोंगडीच्या काठासारखी जाड खरखर होती; पण वरच्या स्वरावर तो असा काही उघडे, की ओणव्याने धान रोवणाऱ्या आम्हा बायकांची पाठदुखी क्षणभर विसरली जाई. रोवण्याला गिरजाबाईच गायला हवी म्हणून सिंदेवाहीच्या आसपासचे मालक तिच्या दारी येत. मी तेव्हा नवी सून होते, तिच्याच रांगेत रोवत असे.

तलावाच्या अल्याडच्या बायकांनी गाण्याची ओळ टाकायची, पल्याडच्यांनी ती झेलायची, अशी आमची रीत. पल्याडच्या गावी तिची एकुलती लेक, सुंदरा, दिलेली होती. सुंदराचा गळा आईहून बारीक, शेवटचे अक्षर किंचित थरथरत सोडणारा. दिवाळीपर्यंत माहेरी येणे नसे. तोवर मायलेकींची भेट म्हणजे ती झेललेली ओळच.

त्या दिवशीही गिरजाबाईने ओळ टाकली. पलीकडून ती झेलली गेली, सुरात, वेळेवर, शेवटचे अक्षर थरथरवून. आम्हाला काहीच वेगळे वाटले नाही. गिरजाबाईच्या हातातली रोपांची पेंडी मात्र चिखलात पडली.

“हा माह्या सुंदराचा गळा नाई.”

“तिचाच हाय बाई, काऊन घाबरून राह्यली?” रांगेतली एक म्हणाली.

पण ती तलावाच्या पाळीवरून चिखलाच्या पायांनी धावत सुटली होती. मी मागोमाग गेले. पल्याडच्या बांधीत सुंदराची नणंद उभी होती. आम्हाला पाहताच तिला रडू फुटले. “वहिनीले लय ताप हाय. तिनंच सांगतलं, माय वाट पाहून राह्यली असन, माह्यावानी झेल.”

खाटेवरच्या सुंदराने आईला ओळखले नाही. दिवे लागायच्या आत ती गेली.

पुढच्या रोवण्याला गिरजाबाई आली, दिवसभर रोवत राहिली, गायली नाही. गा म्हणायची कुणाची छातीच झाली नाही.

पुढे रेडिओवर थोर थोर गायिका ऐकल्या. कुणाच्या स्वरात चांदणे, कुणाच्या स्वरात न संपणारा विरह. त्यांचे आवाज तबकड्यांत सुखरूप आहेत. सुंदराचा आवाज फक्त तिच्या आईच्या कानांत होता, आणि गिरजाबाईलाही जाऊन आता वर्षे लोटली. काळाने चेहरे माझ्यापाशी ठेवले, आवाज नेले. आज सुंदराचा गळा आठवायला बसले की ऐकू येतो तो नणंदेचा, आणि तो सुंदराचा नाही हे सांगणारी आता कुणीच उरलेली नाही.