दोन्ही टोकांना पिन

‘आधी मेन पाडायचा, मग पिन लावायची. उलटं कधी नाय करायचं, पुतळे...’

धनेशचा आवाज, गेल्या वर्षीचा. आणि समोर भिंतीवरच्या सॉकेटची तीन भोकं, वरचं मोठं, खालची दोन बारीक, कडेने करपलेली. पुतळीच्या मनात आलं, हातातली कुंचली त्यात खुपसावी, मनगटापर्यंत खुपसावी... आणि हे इतक्या शांतपणे आलं, की ती दचकलीसुद्धा नाही. मांडीवरच्या गणपतीचा डावा डोळा तिने लिहायला घेतला.

जिते गावातल्या या कारखान्यात धनेश मूर्ती ओततो, रंगवतो; डोळे मात्र पुतळीच लिहिते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तेवढी वर्षं तिचं सोमवारचं मौन आहे. आंघोळीपासून त्या दिवसाचा शेवटचा डोळा पुरा होईपर्यंत शब्द नाही. बायका कौतुकाने सांगायच्या, धनेशची बायको देवाशी डोळ्यांनी बोलते. आज पुन्हा सोमवार होता. सुभाष गेल्यानंतरचा दुसरा.

सुभाष वायरमन. रोह्याकडच्या वाडीवरचा, काटक, बडबड्या. निम्म्या गावाच्या छपरांवर सोलरच्या पाट्या चढल्या तेव्हा याच उंबऱ्यावर चहा पिताना म्हणाला होता, “वयनी, पयले बरं व्हतं. वीज एकाच बाजूनं यायची. डीपीवरचा फ्यूज काढला की तार मेली. आता घराघरातून उलटी येते. मेलेली तार कंची नि झोपलेली कंची, कसं वळखायचं?” मग हसून, “तुमच्या बाप्पालाच इचारून चढत जाईन.”

तशी सोय होती म्हणे. लाईन गेली की सोलरही आपोआप बंद पडायचं, तारेवर माणूस असेल म्हणून. पण पंखे थांबले की ओला रंग ओघळतो. तेव्हा धनेशने बॅटरीवरचा इन्व्हर्टर आणला आणि एक वायर बनवली, दोन्ही टोकांना पिन असलेली. एक टोक इन्व्हर्टरमध्ये, दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये, की सगळा कारखाना चालू. फक्त आधी मेन पाडायचा, म्हणजे वीज घरातच राहते. बाहेर तारेवर जात नाही.

मेनचा स्विच उंचावर होता. स्टूल घ्यावं लागायचं.

त्या सोमवारी धनेश रंग आणायला पेणला गेला होता. दहाच्या सुमारास लाईन गेली, पंखे थांबले, आणि डाव्या डोळ्याची काळी रेघ अर्धी, ओली, खाली सरकायला लागलेली... पुतळीने पिन लावली. स्टूल घेतलं नाही. पंखे फिरले. तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले – हे कुणाला सांगू? – आभार मानले मी.

मागच्या खिडकीबाहेर गावातला शेवटचा खांब. तिथून हाक आली, “वयनी, मेन पाडलाय ना?”

ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. दोन पावलांवर खिडकी होती. पण बोलले तर मौन मोडेल, उठले तर रेघ – एवढी रेघ होऊ दे, सुभाषभाऊ, एवढी... तो थांबला होता. शीळ घालत थांबला होता. गप्प म्हणजे हो, असं धरलं असेल त्याने. मग शीळ बंद झाली.

आवाज मोठा नव्हता. ओलं लाकूड चुलीत घातल्यासारखा. तिने पाहिलं तेव्हा तो कमरेच्या पट्ट्याला लटकून तडफडत होता, मूठ तारेवर मिटलेली, मुठीतून धूर, दात सगळे बाहेर. आणि तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता. किंचाळतच तिने पिन उपटली. मौन तेव्हा मोडलं.

संध्याकाळपर्यंत गाव म्हणालं, प्यायला असेल. धनेशने वायरीचे तुकडे करून खाडीत फेकले. मग तिचा जबडा बोटांत धरला, दात हलतील असा. “तू मौनात व्हतीस ना? मग तशीच ऱ्हा.”

पाचव्या दिवशी सुभाषची बायको भागी रोह्याहून गाडीने आली. हातात धुण्याचं धोपाटणं. कारखान्यात शिरून तिने मूर्ती फोडायला सुरुवात केली, फक्त तोंडं, एकेक, भाकरी थापावी तशा तालात. बायकांनी धरलं तेव्हा पुतळीला वाटलं, सोडा तिला, अजून माझं तोंड राहिलंय. भागी धापा टाकत म्हणाली, “तो प्यायला नव्हता गो. माज्या पोरांना दारूड्याची पोरं म्हनतात. तुजा पंखा चालू व्हता का, येवढं सांग.”

“चौकशीच्या साहेबासमोर सांगेन,” पुतळी म्हणाली. पुटपुटलीच, पण भागीने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि धोपाटणं खाली ठेवलं.

साहेब आज पेणला जबान्या घेणार होते. तीन वाजता, रामवाडीच्या वीज कचेरीत. सकाळी धनेश म्हणाला होता, “बाहेर पाय टाकलास तर तंगडं मोडीन,” आणि आता तो पुढच्या अंगणात साचा घासत होता, खर्र, खर्र... त्या मानेवर पाटा घालावा. त्याची पाची बोटं सॉकेटात... नाही. पिन त्याने बनवली, लावली कुणी? शीळ कुणी ऐकली? एकोणीस वर्षं मी तोंड मिटून ज्याला प्रसन्न करत होते, त्याने त्या दिवशी मला एकच शब्द मागितला, खांबावरून, माणसाच्या तोंडाने; आणि मी रेघ ओढत बसले.

मांडीवरची मूर्ती तिने फळीवर ठेवली. उजवा डोळा लिहायचा राहिलेला. अशी मूर्ती सोडून उठू नये म्हणतात. ती उठली. हात धुतले, पदर खोचला. मागच्या दारी धनेशची पुतणी मृणाली भांडी घासत होती.

“काकी, कुठं चाललीस?”

“पेणला,” पुतळी म्हणाली. सोमवार होता, आणि मृणालीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. “काका इचारेल तर सांग. लपवू नको.”

बांधावरून ती हायवेकडे निघाली. जबडा अजून दुखत होता, पेणची मिनीडोअर रिक्षा मिळेल की नाही ठाऊक नव्हतं. आणि साहेबासमोरचं पहिलं वाक्य ती हलक्या आवाजात म्हणून बघत होती – मी ऐकलं होतं, साहेब... मी ऐकलं होतं – प्रत्येक वेळी थोडं मोठ्याने.