चारी चाकांनी ओढणारी लॉरी

"मायाप्पा, नवी लॉरी हा ट्रेलर ओढील ना रे? तू हो म्हणालास तर निघू," कमलाकर डॉक्टरांनी विचारलं, आणि मायाप्पा जराही न अडखळता म्हणाला, "ओढील की, साहेब. न ओढायला काय झालं?"

सोलापुरात, दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आश्विनातल्या एका सकाळी तो हे बोलला. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. शेडमध्ये दोन लॉऱ्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक नवी, हिरवी, गुळगुळीत, अजून रंगाचा वास जात नव्हता अशी. दुसरी जुनी, चौदा सालच्या लढाईतून परत आलेली आणि सरकारी लिलावात डॉक्टरांच्या मंडळाच्या पदरात पडलेली. खेडोपाडी जाऊन मोतीबिंदू काढायचं काम या मंडळानं बारा वर्षं चालवलं होतं, आणि बाराही वर्षं ती जुनी लॉरी मायाप्पाच चालवत होता.

मायाप्पा अक्कलकोटच्या बाजूचा. लढाईत तो बसऱ्याकडं अशाच लॉऱ्या हाकत होता, त्यामुळं त्या यंत्राची नस न् नस त्याला ठाऊक होती. इतर मोटारींत इंजिनाचा जोर जातो मागच्या दोन चाकांना. पुढची दोन नुसती वळायला. या लॉरीत तो जोर चारी चाकांना जायचा. मागची चाकं चिखलात घसरली तरी पुढची जमीन धरून गाडीला ओढायची. मागं ओझं बांधलेलं असलं की हा फरक फारच कळायचा. एरवीच्या मोटारीला मागचं ओझं चढावर शेपूट धरून खाली खेचतं. ही मात्र हळूहळू, धक्का न देता वर चढायची.

पण तिला चालवणं म्हणजे शिक्षाच होती. टायर भरीव रबराचे, त्यामुळं रस्त्यातला प्रत्येक खडा कंबरेत बसायचा. डोक्यावर छप्पर नाही. हँडल मारताना ते उलटून त्याचं मनगट एकदा मोडलं होतं, थंडीत अजून ठणकायचं. तासाला दहा मैलांच्या वर ती जायची नाही. नव्या लॉरीला बटण दाबलं की इंजिन सुरू व्हायचं. बसायला गादी होती. पहिल्या दिवशी तिच्यात बसून तो शहरात एक चक्कर मारून आला, तेव्हा मंगळवार पेठेतली ओळखीची माणसं दुकानांतून उठून बघायला आली होती. मायाप्पाचं वय सेहेचाळीस. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी असं बघितलं होतं.

म्हणून तो "ओढील की" म्हणाला. पुढचं बोलला नाही. खडीच्या सडकेवर ओढील, काळ्या मातीत पाऊस झाला तर ओढणार नाही, हे त्यानं मनातल्या मनात म्हटलं आणि गिळून टाकलं. पाऊस होईलच असं कुठं होतं?

बार्शीपर्यंत गाडी पाण्यासारखी गेली. मागं तंबूगाडी बिनबोभाट येत होती. डॉक्टर तिला ट्रेलर म्हणत, खेड्यातली माणसं तंबूगाडी म्हणत. दोन चाकांची लांबट पेटीच ती. मुक्कामाला पोचलं की तिच्या दोन्ही बाजू उघडून खाली टेकवायच्या, वर कॅनव्हासचं छप्पर ताणायचं, की आत चार खाटांचा दवाखाना तयार. तिला स्प्रिंगा चांगल्या होत्या. डॉक्टरांचा तिच्यावर फार जीव.

मुक्काम करमाळा तालुक्यात निमगव्हाण नावाच्या गावी होता, सीना नदीच्या काठावर. गाव उंचावर. खाली नदीकडं उतरत गेलं की चिंचांची राई आणि मुरमाड मोकळी जागा. माश्या नाहीत, गलका नाही, म्हणून डॉक्टरांनी तीच जागा पसंत केली. गाव आणि राई यांच्यामध्ये दोनशे पावलांची चढण होती, निव्वळ काळ्या मातीची. उतरताना मायाप्पानं ती बघितली. कोरडी होती, भेगाळलेली, दगडासारखी घट्ट. "बरी हाय," तो स्वतःशीच म्हणाला.

तीन दिवसांत सात माणसांचे मोतीबिंदू काढून झाले. ते सात जण गावातल्या शाळेत झोपवले. चौथ्या दिवशी सकाळी शेवटचे दोन झाले ते तंबूगाडीतच ठेवले. एक कोंडीबा, शेजारच्या वाडीचा म्हातारा मेंढका. दुसरी दगडाबाई. ती पन्नाशीची, विधवा, तीन कोसांवरच्या वस्तीवर राहणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी आधी उजवा केला होता.

दोघांच्या डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. नर्स गिरिजाबाई त्यांना दहादा बजावत होत्या, "मान हलवायची नाही. खोकायचं नाही. आत टाका घातलेला नसतो, नुसती चीर असते. धक्का बसला की ती उघडते, मग डोळा गेलाच समजा."

"न्हाई हलत, बाई," दगडाबाई म्हणाली. "दगड हाय मी. नावच हाय की."

दुपारी आभाळ भरून आलं. हस्ताचा पाऊस तासाभरात चढण भिजवून गेला आणि थांबलाही. पण वरच्या अंगाला तो थांबला नव्हता. तीनच्या सुमाराला गावचे पाटील आबासाहेब घोंगडी डोक्यावर घेऊन धावत खाली आले.

"डॉक्टर, हितनं हला. नदी चढतीया. वरनं निरोप आलाय, लई पानी येतंय."

नदीकडं बघितलं तर पाणी लाल झालं होतं आणि सकाळी ज्या दगडावर धुणं चाललं होतं तो दिसत नव्हता. राईच्या खालच्या झाडांशी फेस येऊन लागला होता.

डॉक्टर घाईनं म्हणाले, "मायाप्पा, लॉरी जोड. या दोघांना ट्रेलरमधूनच वर न्यायचं. स्प्रिंगा आहेत, झोपल्या जागी जातील."

मायाप्पानं चढणीकडं बघितलं. माती आता लोण्यासारखी चमकत होती.

"साहेब, ह्यांना खाटंसकट उचलून नेऊ या. ही लॉरी न्हाई चढायची."

"नाही चढायची म्हणजे? सोलापुरात तर तू म्हणालास ओढील म्हणून!"

"जुनी चढली असती. हिची नुसती मागची चाकं फिरत्यात."

डॉक्टरांना राग यायलाही सवड नव्हती. "हे तू आत्ता सांगतोस? माणसं चिखलातून खाट नेताना घसरली तर काय होईल, कळतंय का तुला? चल, करून तर बघू. हळू घे."

त्यानं बटण दाबलं. इंजिन लगेच सुरू झालं. गिरिजाबाई तंबूगाडीत दोन खाटांच्या मध्ये गुडघ्यांवर बसून एकेका हातानं एकेकाचं डोकं धरून होत्या. मायाप्पानं क्लच इतका हलकेच सोडला की गाडी निघाल्याचं त्यालाही कळलं नाही. मुरूम होता तोवर ठीक चाललं. काळ्या मातीत पुढची चाकं शिरली, मग मागची, आणि वीस पावलांवर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखलाचे गोळे तंबूगाडीच्या पत्र्यावर थाडथाड आपटले. त्यानं वेग कमी केला. चाकं खाली रुतत गेली, आणि खाली कुठंतरी एक दगड त्यांना सापडला. लॉरीनं एकदम पुढं उडी घेतली, लगेच पकड सुटली, आणि मागचं सगळं वजन तिला तिरपं ओढत खाली घेऊन गेलं. मायाप्पानं सगळा जोर लावून ब्रेक दाबला. तंबूगाडी दांडीवर आपटून थांबली.

आतून दगडाबाई ओरडली. एकदाच.

मायाप्पानं इंजिन बंद केलं. आवाज थांबल्यावर नदीचा आवाज फार जवळून ऐकू आला.

त्यानंतर कुणी लॉरीचं नाव काढलं नाही. आबासाहेबांनी गावातून पंचवीस माणसं आणली. कुणी कुदळीनं चढणीत पायऱ्या खोदल्या, कुणी त्यांवर कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या. एकेका खाटेला आठ आठ जण लागले, सगळे अनवाणी, अंगठे मातीत रोवत. मायाप्पानं दगडाबाईच्या खाटेचा उशाकडचा पाय खांद्यावर घेतला. दोनशे पावलं चढायला अर्धा तास लागला. एकही जण घसरला नाही. शाळेच्या दारात खाट टेकवल्यावर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की हेच आधी करता आलं असतं. लॉरी आपण नेऊच शकत नाही, असं ठामपणे सांगून तो स्टिअरिंगवरून उठला असता, तर डॉक्टरांना दुसरा मार्गच उरला नसता.

पाणी तंबूगाडीच्या आसापर्यंत आलं आणि तिथंच थबकलं. दुसऱ्या सकाळी ओसरलंही. लॉरी आणि तंबूगाडी, दोन्ही तशाच तिरक्या रुतून बसल्या होत्या. सहा बैलजोड्या लावून बघितल्या, हलल्या नाहीत.

"जुनी घेऊन ये," डॉक्टर म्हणाले. एवढंच म्हणाले.

मायाप्पा चालत केम स्टेशनला गेला, तिथून आगगाडीनं सोलापूर. शेडमध्ये जुन्या लॉरीवर धूळ बसली होती. हँडल मारताना मनगटातून कळ गेली, पण ती तिसऱ्या फेरीला सुरू झाली. परतीला त्याला दीड दिवस लागला. वाटेत ऊन, वारा, धूळ, सगळं अंगावर घेत तो आला. बसऱ्याकडं असताना वाळवंटात रात्रंदिवस असंच चालायचं, पण तेव्हा मनावर असं ओझं नव्हतं.

निमगव्हाणला तो पोचला तेव्हा चढण वरून सुकली होती, आत अजून ओली होती. निम्मं गाव बघायला जमलं. त्यानं जुनी लॉरी चढणीच्या माथ्यावरून मागं घेत खाली नेली, साखळी नव्या लॉरीला अडकवली, तिच्यामागं तंबूगाडी होतीच, आणि हळूच वर घेतली. मागची चाकं घसरली. पुढच्यांनी माती धरली. मग पुढची घसरली तर मागच्यांनी धरली. चिखलातून दोन्ही गाड्या एकामागून एक सुटून, जराही हिसका न बसता, दहा मिनिटांत गावाच्या सपाटीला आल्या. माणसांनी टाळ्या वाजवल्या, आरडाओरडा केला. एका म्हाताऱ्यानं लॉरीच्या पुढच्या चाकाला हात लावून कपाळाला लावला.

मायाप्पाला त्या टाळ्या सोसेनात. तो गाडीवरून उतरला आणि मान खाली घालून शाळेकडं निघाला.

डॉक्टर ओसरीवर उभे होते. "आजच पट्टी सोडली," ते म्हणाले. "कोंडीबाला दिसतंय. बाईचा डोळा गेला. चीर पुरी उघडली होती, आतलं सगळं बाहेर आलं. मी काही करू शकलो नाही."

"माझ्यामुळं गेला, साहेब."

"ट्रेलरमधून न्यायचं मी ठरवलं होतं."

"तुमाला ठावं नव्हतं. मला ठावं व्हतं. मी सोलापुरातच सांगायला पायजे व्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मग का नाही सांगितलंस?"

त्याचं उत्तर ऐकायचा हक्क ज्या बाईचा होता तिच्याकडं मायाप्पा आत गेला.

दगडाबाई भिंतीला टेकून बसली होती. उजव्या डोळ्यावर अजून कापूस होता. डावा उघडा, दुधासारखा पांढरा. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली. "कोण?"

"मी मायाप्पा, मावशी. डायवर."

"भाईर कसला गलका चाललाय?"

"जुनी लॉरी आनली. रुतलेली गाडी वडून काढली."

"निघाली व्हय?"

"निघाली." तो तिच्यासमोर खाली बसला. "मावशी, ती आधीच आनली असती तर तुमचा डोळा ऱ्हायला असता. मला म्हाईत व्हतं नवी चिखलात वडनार न्हाई. पन मला नवी चालवायची व्हती. गादी हाय तिला. लोक बघत्यात."

बाहेर माणसं अजून हसत होती. दगडाबाई म्हणाली, "गादीसाठी?"

"व्हय."

"माझा दादला गेल्यापास्नं मी कधी गादीवर बसले न्हाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते त्याला जास्त लागलं. "नातवाचं तोंड बघायचं व्हतं रं. दोन वर्साचा झाला. नाक कुनासारखं हाय, सगळी येगयेगळं सांगत्यात."

मायाप्पा म्हणाला, "दुसरा डोळा हाय की, मावशी. डॉक्टर म्हनत्यात, करता येतो. मी सोता तुमाला न्यायला येईन, सोलापूरच्या दवाखान्यात नेईन, तितं नदी न्हाई, चिखल न्हाई."

"मला भ्या वाटतंय," दगडाबाई म्हणाली. "ह्यो बी गेला तर उजेड सुदिक कळायचा न्हाई. आता निदान सूर्य उगवल्याला कळतोय." तिनं डोक्यावरचा पदर सावरला. "बघू. लेकाला इचारीन. आता मला घरला सोड."

त्या दिवशी दुपारी त्यानं तिला जुन्या लॉरीतून तिच्या वस्तीवर नेलं. बसायच्या फळीवर आपली वळकटी घातली आणि तिला शेजारी बसवलं. तीन कोस वाट सगळी काळ्या रानातून होती, दोन ओढे होते, दोन्हींतून लॉरी न थांबता पार झाली. धक्के मात्र बसत होते. प्रत्येक धक्क्याला दगडाबाईचा हात तिच्या डोळ्याकडं जाई आणि वाटेतच थांबे.

वस्तीवर तिची सून पोराला कडेवर घेऊन बाहेर आली. दगडाबाईनं खाली उतरून हात पुढं केले, पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बोटांनी नाक चाचपलं. पोरगं भेदरून रडायला लागलं. मायाप्पा स्टिअरिंग धरून तसाच बसून होता. कुणी त्याला खाली उतर म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

दिवाळीनंतर तो तिला दवाखान्यात न्यायला पुन्हा गेला, आणि संक्रांतीनंतर आणखी एकदा. दोन्ही वेळा दगडाबाईनं त्याला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "अजून न्हाई, बाबा. अजून धीर व्हत न्हाई."