म्हशीचं नाव घ्यायचं न्हाय

“सळईवर पडलो, दुसरं काय न्हाय,” गणपतराव स्ट्रेचरवर कोपर टेकून सांगत होते. “दोन टाके घाला आन सोडा. दिवाळीचा पाडवा हाय आज. म्हशी पळवायच्या हाईत.”

डॉ. ऐश्वर्या जखम बघत होत्या. डाव्या बरगड्यांखाली रुपयाएवढं भोक, रक्तही फारसं नाही. “सळई किती आत गेली होती?”

“बोटभर.”

शेजारी उभ्या असलेल्या तानाबाईनं पदर तोंडाशी धरला. सळई कसली नि काय कसली! सकाळी गोठ्यात नवरा पाखरीच्या गळ्यात माळ घालत होता, बाहेर कुणीतरी बॉम्ब लावला आणि बिथरलेल्या म्हशीनं मान झटकली. मालकाच्या मोटरसायकलचा आवाज ओळखून भर गर्दीतून मागं पळणारी म्हैस! पेठेत तिच्याइतकं शहाणं जनावर नाही, असं गणपतराव वर्षभर ज्याला-त्याला ऐकवायचे. रिक्षात बसताना त्यांनी बायकोला दम भरला होता, “म्हशीचं नाव घ्यायचं न्हाय. पेठ हसंल.” गप्प बसण्यात तानाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं नवऱ्याचा शब्द कधी खोडला नव्हता.

“पोटाचा सीटी स्कॅन करू,” डॉक्टर म्हणाल्या.

“बाई, मी बोलतोय, चालतोय. मशीन कशाला?”

“आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही, काका.”

मशीनवरच्या जिनेंद्रनं जखमेच्या तोंडाशी एक बारीक धातूची खूण चिकटवली, म्हणजे चित्रात ती जागा ओळखू येते. मग त्याचा हात कमरेपाशी थांबला. “काका, हा करदोटा काढाय लागतोय. चांदीनं चित्रभर रेघोट्या उठत्यात.”

करदोटा लग्नातला. पोट सुटलं तसा रुतून बसलेला, फासा काही केल्या निघेना. जिनेंद्रनं पक्कड आणली. “मावशी, जरा धरा.”

तानाबाईनं धरला. कट् आवाज झाला, तुटलेलं टोक तिच्या हातात आलं आणि तिला दरदरून घाम फुटला. जित्या माणसाचा करदोटा कुणी तोडतं का? सासऱ्यांचा तोडला होता तो पंचगंगेवर, सरणावर ठेवायच्या आधी. नवरा टकामका तिच्याकडं बघत होता आणि तिला तो मेलेला दिसला.

“म्हशीनं मारलंय!” ती किंचाळली. “सळई न्हाय, म्हशीनं मारलंय! खालनं वर शिंग घातलंय, मी बघिटलंय की!”

“गप बस!” गणपतराव गुरगुरले.

काचेपलीकडून डॉक्टर धावत आल्या. “शिंग? आणि वर? जिनेंद्र, छातीपासून सगळं घे.”

तानाबाईला बाहेर बसवलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचाच चेहरा उतरला होता. “शिंग वळून छातीत घुसलंय, मावशी. छाती आणि पोटाच्या मधला पडदा फाटलाय. प्लीहा फुटलीय, पोटात रक्त साठलंय. शिंगाचं टोक काळजाच्या जरा खाली येऊन थांबलं. आत्ताच ऑपरेशन करायला हवं.”

शब्द ऐकू आले, पण डोक्यात काही शिरेना. आत्ता तर बोलत होता की माणूस! म्हशी पळवायच्या म्हणत होता! एवढ्याशा भोकातून काळजापर्यंत? समोरून स्ट्रेचर गेलं. गणपतराव पांढरेफटक पडले होते, तरी पुटपुटलेच, “घालवलीस की अब्रू.”

दवाखान्याच्या दारात पेठेतली माणसं जमली होती. त्यांच्यातला विजयसिंह पुढं आला. “वैनी, मालक सळईवर पडलं म्हणं?”

तानाबाईनं तोंडावरचा पदर काढला. “न्हाय. आमच्या पाखरीनं मारलं.”

कुणीही हसलं नाही. विजयसिंहानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, धोका टळला, आता जगतील. तिला घटकाभर आत सोडलं. नळ्यांच्या गुंत्यात गणपतरावांनी डोळे उघडले, बायकोकडं बघितलं आणि रागानं मान भिंतीकडं वळवली.

तानाबाई त्या वळलेल्या मानेकडं बघतच राहिली. मग स्टूल ओढून तिथंच बसली.