ठमाबाईंचा नंबर लावणारी डावी चप्पल

मित्रांनो, पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्यातला रांग मोजणारा सेन्सर मी छतावरून खाली उतरवला आणि तो बसवणाऱ्याला लंगडत घरी पाठवलं. आता हे विसरा. असं काही घडलेलं नाही. मी एक जुनी रबरी चप्पल आहे, त्यातही डावी. छताला हात लावायला आधी हात असावा लागतो.

माझा जन्म साच्यात झाला. उजवी माझ्याआधी दोन सेकंद बाहेर पडली आणि जन्मभर थोरलेपणा करत राहिली. करंजाड्याच्या ठमाबाईंनी आम्हांला विकत घेतलं, तेव्हा आमचे पट्टे निळे होते. आता त्यांचा रंग कोणता, हे सांगायला तज्ज्ञ बोलवावा लागेल.

ठमाबाई बाजारात मासळी विकतात. सकाळी पाटीसमोरही बसायचं आणि दवाखान्याच्या रांगेतही उभं राहायचं, हे एका जिवाला जमत नाही. त्यासाठी आमच्याकडे नंबर लावायची रीत आहे. पहाटे यायचं, आपली एखादी वस्तू रांगेत ठेवायची आणि कामाला जायचं. केसपेपरची खिडकी उघडायच्या वेळी माणसं परत येतात आणि आपापल्या पिशवीमागे, छत्रीमागे उभी राहतात. भांडण नाही, तंटा नाही.

ठमाबाई मला एकटीलाच ठेवायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दोनी ठेवल्या तं दोन नंबर लागतील. लोकांचा नंबर खायाचा नाय." मग एका पायात उजवी घालून त्या बाजार गाठायच्या. उजवीनं बाजार पाहिला, मी फरशी पाहिली. पण मान मला होता. माझ्या अंगाला सुकटीचा वास असल्यामुळे मला उचलून मागे टाकायची कुणाची छाती झाली नाही. अब्दुल्ला चाचांचा जेवणाचा डबा नेहमी माझ्यामागे असायचा, तोही चार बोटं अंतर राखून.

यंदा ठमाबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. एकदा तर त्यांनी बांगडा समजून स्वतःच्या बोटावर कोयता धरला. "डोला गेला तं कोयता गेला," त्या चाचांना म्हणाल्या, "आन कोयता गेला तं मी घरात बसून काय सुनेचं तोंड बघू?" डोळ्यांचे डॉक्टर फक्त बुधवारी येत, वेळ अकराची. त्यांनी तपासलं की ऑपरेशनची तारीख मिळायची. म्हणजे सगळं माझ्यावर होतं.

तेवढ्यात सेन्सर आला. त्याला घेऊन आला प्रणित, कंपनीचा टी-शर्ट आणि पांढरेशुभ्र बूट घालून. छतावरचा डोळा रांगेतली माणसं मोजणार, आकडा लोकांच्या मोबाइलवर जाणार, रांग आखूड दिसली की लोकांनी घरून निघायचं. वाट बघणं संपलं. खरं सांगते, मला कल्पना पसंत पडली. सहा वर्षं फरशीवर काढलेल्या कुणालाही पडली असती. आकडा डॉक्टरांच्या खोलीतही दिसणार होता. पंधरा मिनिटं रांग शून्य असेल तर डॉक्टरांनी पुढच्या दवाखान्यात जायला हरकत नव्हती.

पहिल्या बुधवारी आभाळ भरलेलं होतं. व्हरांड्यात आम्ही अठरा जण शिस्तीत उभे होतो: मी, चाचांचा डबा, बारा पिशव्या, तीन छत्र्या आणि एक अर्धी वीट, जिचा मालक खांदा कॉलनीचा होता. सेन्सरनं आमच्याकडे पाहिलं आणि खिडकीवरच्या दिव्यांच्या पाटीवर आकडा लावला: शून्य.

एरवी सवयीनं पावणेबाराला येणारे डॉक्टर त्या दिवशी नेमके वेळेवर आले. त्यांनी शून्य पाहिलं, पंधरा मिनिटं पेपर वाचला आणि गेले. साडेअकराला माणसं परतली. खिडकीत भावना मॅडम होत्या.

"आजी, आज रांगच नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती कशी? माजी चप्पल हाय ना तितं."

"मॅडम, माझा डबा सुबहपासून खडा आहे," चाचा म्हणाले. "त्याला विचारा."

प्रणितला बोलावलं. तो हसून म्हणाला, "आजी, चप्पल म्हणजे माणूस नाही. सिस्टिम एकदम सोपी आहे. थंड ते सामान, गरम तो माणूस." एवढं बोलून त्यानं बुटाच्या टोकानं मला कचऱ्याच्या डब्याकडे सरकवलं.

मित्रांनो, शत्रूनं आपलं मर्म स्वतःच्या तोंडानं सांगावं, हे भाग्य फार थोड्या चपलांना लाभतं. ठमाबाई मला पायात घालून, भिंतीला हात लावत घरी गेल्या. मी त्याच पायाखाली शपथ घेतली.

पुढच्या बुधवारी आभाळ स्वच्छ होतं. साडेसातला उन्हाची पट्टी व्हरांड्यात शिरली आणि आठला माझ्यापर्यंत आली. मी आजवरचे सगळे अपमान एकेक करून आठवले. उन्हानंही थोडी मदत केली असेल, मी नाकारत नाही. मी तापले. डबा तापला. वीट तर जन्मतःच भट्टीतली, तिला शिकवावं लागलं नाही. पाटीवर आकडा आला: अठरा.

अकराला डॉक्टर आले, अठरा बघून निमूट खुर्चीत बसले. पण सेन्सर हुशार होता. त्यानं वर निरोप धाडला: अठरा रुग्ण, सर्व आडवे, तीन तास हालचाल नाही.

दहा मिनिटांत दोन रुग्णवाहिका आल्या. पाठोपाठ विश्वस्त आले, ओल्या केसांनी.

"रुग्ण कुठे आहेत?"

भावना मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या पहिल्या."

"ही चप्पल आहे."

"साहेब, सिस्टिममध्ये ज्येष्ठ नागरिक दाखवतंय."

विश्वस्तांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही. मग ते म्हणाले, "आधी ते यंत्र उतरवा. इथली रांग कशी लागते ते बघितलं होतं का कुणी?"

प्रणित शिडी लावून चढला. सेन्सर काढून उतरताना त्याचा पाय नेमका माझ्यावर पडला. माझा तळ झिजून गुळगुळीत झालेला आहे, ही नैसर्गिक गोष्ट आहे. त्याचा घोटा मुरगळला, हीसुद्धा. तो कण्हत खिडकीशी गेला.

"केसपेपर काढावा लागेल," भावना मॅडम म्हणाल्या. "नंबर लावा."

"मला उभं राहता येत नाहीये."

तोवर ठमाबाई बाजारातून पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बूट ठेव तुजा नि बस जाऊन."

तो पांढराशुभ्र बूट एकोणिसाव्या नंबरावर ठेवला गेला, विटेच्या मागे. असं काही घडलं नाही, पण घडलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

ठमाबाईंना तारीख मिळाली. ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी पायऱ्यांवर थांबून त्यांनी आधी झाड पाहिलं, मग रिक्षा, मग चाचांची दाढी. मग खाली पाहिलं.

"आगं बाय," त्या हळूच म्हणाल्या. "हीच चप्पल घालून मी लोकांत फिरत व्हते?"

त्याच संध्याकाळी नवी जोडी आली. उजवी कुठे गेली, माहीत नाही. मला त्यांनी दवाखान्यात सोडलं; तिथे मी दाराला अडसर म्हणून असते, म्हणजे रांगेत अजून पहिलीच.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घेत जा. त्यांना हातपाय नसतात, पण ऊन रोज येतं. बाकी माझं म्हणणं मी रीतसर लेखी दिलं आहे.

प्रति, माननीय विश्वस्त महोदय. विषय: मोतीबिंदू अंशतः परत मिळणेबाबत. महोदय, सविनय विनंती की, ठमाबाई यांच्या डाव्या डोळ्यातून काढलेला मोतीबिंदू, घोट्याखालचे दिसू नये इतपतच, पूर्ववत बसवण्यात यावा. कोयता चालवण्यापुरती दृष्टी अबाधित ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही, किंबहुना तसा आग्रह आहे. निर्णय होईपर्यंत अर्जदारास रांगेत क्रमांक एकवरून हलवू नये.