आईनं धुतलेली गाडी

माझी वहिनी आजारी माणसांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. घरं लांबलांब, म्हणून तिनं जुनी गाडी घेतली. थोड्याच दिवसांत ती भररस्त्यात बंद पडायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "ही पुरात बुडालेली आहे." विक्रेत्यानं सरळ हात वर केले. म्हणे, बघून घेतलीत ना?

माझं पित्त खवळलं. "चला वहिनी, त्याची गचांडीच धरतो."

"भाऊजी, गचांडी धरली म्हणून तो गाडी परत घेणार आहे का?" तिनं वकिलाशिवाय नोटीस पाठवली, ग्राहक मंचात तक्रार केली आणि गाडी अंगणात जशीच्या तशी ठेवली. दुरुस्ती नाही, फडकंसुद्धा नाही. मंचाचा तज्ज्ञ तपासायला येणार होता. तोवर ती बसनं जायची. उशीर होतो म्हणून कामं सुटत चालली होती. पैसे परत मिळाले नाहीत तर हे कामच सोडावं लागणार होतं.

आणि आमची आई! घरी कुणी येणार म्हटलं की तिचे हात शिवशिवतात. तज्ज्ञ यायच्या आदल्या दिवशी आम्ही कामावर असताना तिनं गाडी आतून-बाहेरून लख्ख केली. "एवढा साहेब येणार, त्याला घाणेरडी गाडी दाखवायची?" मी कपाळाला हात लावला. वहिनीचा चेहरा उतरला, पण ती एवढंच म्हणाली, "आई, हात दुखले असतील. बसा जरा. काय काय निघालं आतून?" मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तज्ज्ञानं लिहिलं, पाण्याची खूण नाही. सुनावणीत विक्रेत्याचा वकील खुशीत होता. वहिनीनं आईला साक्षीला उभं केलं.

"आई, त्या दिवशी काय निघालं ते सांगा."

"गाळ निघाला, दुसरं काय? गालिच्याखाली बोटभर. त्यात बारके शंख. अशी गाडी विकतात, लाज वाटत नाही? माती बरी होती, मी कुंडीत घातली."

वहिनीनं ती कुंडी आणलीच होती. मंचानं फेरतपासणी लावली. दारांच्या पोकळीत, जिथं आईचा हात पोचला नव्हता, तिथं तोच गाळ, तेच शंख. गाडी परत घ्या, सगळे पैसे द्या, असा निकाल लागला.

बाहेर आल्यावर आईचे डोळे भरले. "मी तुझं नुकसानच करणार होते गं."

"पुढच्या वेळी आधी तुम्ही धुवायची," वहिनी म्हणाली, "मग मी पैसे देणार."

गेल्या आठवड्यात आम्ही दुसरी गाडी बघायला गेलो. विक्रेता हसत पुढे आला, आणि आई बादली घेऊन रिक्षातून उतरली.