अठरा दिवसांची गैरहजेरी

महाविद्यालयाचा सुवर्णमहोत्सव आठ दिवसांवर आला, तरी सत्कारायच्या माजी विद्यार्थ्यांची यादी तयार नव्हती. ते काम श्रावणीकडे होतं. रसायनशास्त्र शिकवायला ती याच वर्षी अमरावतीत आलेली. आकडा जुळल्याखेरीज तिला चैन पडत नसे. नियमही तिनेच घातला होता: हजेरी पूर्ण, पदवी पूर्ण, तरच सत्कार.

१९७९च्या हजेरीपटावर तिचं बोट अडलं. सात नावांपुढे सलग अठरा दिवस लाल शाईत ‘गैरहजर’. सातही जण एकाच दिवसापासून!

जुने पट लावायला प्रयोगशाळेतले निवृत्त परिचर डोमाजी आले होते. तिने विचारलं, "काका, हे सगळे एकदम आजारी पडले की काय?"

"सिनेमाले गेलते म्हना!" डोमाजी हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "नामांतराच्या मोर्चात होतो आमी, मॅडम. मराठवाडा विद्यापीठाले बाबासाहेबांचं नाव द्या म्हनून पायी निघालो. रस्त्यातच धरलं, अकोल्याच्या जेलात टाकलं. प्रॉक्सी मारायले मांगं कोनी उरलंच नाही!"

"आमी म्हणजे?"

त्यांनी पाचव्या नावावर बोट ठेवलं. डोमाजी, मुक्काम हिवरखेड.

"या सातांतल्या चंद्रभाननं जेलाच्या फरशीवर कोळशानं मूलद्रव्यांचा तक्ता काढलता. चुकलं का टपली! बायांच्या बराकीतून आमची ललिता गाणं म्हने, आमी इकडून साथ देत जाऊ. काय दिवस होते, मॅडम! पन हजेरी भरली नाही. परीक्षेले बसू देलं नाही. चंद्रभान वावरात गेला, मी इथंच बाटल्या धुवायले लागलो."

"पण काका, नियम..."

"नियमाले जेल कुठून दिसन? तुमी पोरगी असून इथं शिकवून राहिल्या. त्याच्यासाठीबी कोनी तरी भांडलंच असन ना?"

श्रावणीने आपली यादी पुन्हा पाहिली. मोजमाप अचूक, निष्कर्ष साफ चूक! त्याच दुपारी ती तो पट घेऊन प्राचार्यांकडे गेली.

समारंभात प्राचार्यांनी तीच सात नावं पुकारली.

"डोमाजी!"

पाण्याचा ट्रे खाली ठेवून डोमाजी मागून म्हणाले, "हजर, सर."

"चंद्रभान!"

चंद्रभान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या ललिताबाई उठल्या आणि त्याच्या वतीने खणखणीत म्हणाल्या, "हजर!"

ती प्रॉक्सी कुणीच खोडली नाही.

वाचकहो, आपल्याही शाळा-कॉलेजांत असे जुने पट धूळ खात असतील. त्यातली लाल शाई एकदा नीट वाचा. आज आपण ताठ मानेनं वर्गात बसतो, ते त्या दिवशी कुणी तरी वर्ग सोडून रस्त्यावर उतरलं म्हणून!